एक फूट म्हणजे पाव सेकंद

तळोदे, ता. ९ फेब्रुवारी १९३७

तीर्थस्वरूप धनुअक्काच्या पायांवर चुडामणचे डोके.

पत्राला उशीर झाला. तू म्हणशील, हा निघाला सूड घ्यायला आणि वाटेत कुठल्यातरी तमाशाच्या मागे गेला. तमाशा नव्हता. बांबूच्या गाड्या होत्या. गाडीवाला म्हणाला बस, मी बसलो. मग बैल लंगडला, त्याला नाल ठोकेपर्यंत थांबावे लागले. ते बघण्यात दोन दिवस गेले. अक्का, नाल ठोकताना बैलाला कसा आडवा पाडतात ते तू पाहिले आहेस का? जाऊ दे. मुद्द्याचे लिहितो.

तुझा उजवा हात कपाशीची सरकी काढणाऱ्या जिनाच्या पट्ट्यात गेला तेव्हा मी सुरतेकडे भटकत होतो आणि तीन आठवड्यांनी घरी आलो, हे मी विसरलेलो नाही. जिनाच्या दिवाणजीने तुझ्या हातात, म्हणजे उरलेल्या हातात, जो कागद दिला तो मी खिशात घेऊन फिरतो. पाठ झाला आहे. ‘धोक्याची घंटा ऐकताक्षणी इंजिनवाला नथ्थू याने वाफ बंद केली. माणसाच्या हाताला लागतो त्याहून अधिक वेळ त्यास लागला नाही. बाईने हात वेळीच काढून घेतला नाही, सबब दोष बाईचा.’

मी वाटेत भेटेल त्याला एकच विचारतो, माणसाच्या हाताला किती वेळ लागतो? तंबाखूवाला म्हणाला, “चापट माराले लागस तितला.” आणि हात उगारला. इथल्या शाळेत गुलाबसिंग मास्तर आहेत. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी मेजावरून लाकडी फूटपट्टी उचलली, वरचे टोक आपल्या चिमटीत धरून ती उभी टांगली आणि मला म्हणाले, खाली अंगठा आणि बोट उघडे ठेव, शिवायचे नाही, मी सोडली की पकड. सोडली. मी पकडली तोवर पट्टी नऊ इंच खाली गेली होती!

मास्तर म्हणाले, पडणारी वस्तू पहिल्या पाव सेकंदात बरोबर एक फूट पडते, मग ती सागाची असो की शिशाची. म्हणजे पट्टी किती इंच निसटली त्यावरून तुझ्या हाताने किती वेळ खाल्ला ते कळते. तीन इंच म्हणजे सेकंदाचा आठवा हिस्सा. तितका जलद कोणी नसतो. पूर्ण फूट म्हणजे पाव सेकंद. दोन दिवस मी वर्गातल्या सगळ्यांना, शिपायाला, भाजीवालीला आणि पेन्शनीतल्या एका फौजदाराला पट्टी धरायला लावली. तीन खेपांनंतर फुटापेक्षा जास्त कोणाचीच निसटली नाही. फौजदाराचीसुद्धा नाही, आणि त्याचे हात कापतात.

आता तू मला एक लिही. घंटा झाल्यावर पट्टा किती वेळ फिरत होता? पत्र मास्तरांच्या घरी पाठव. मी इथेच असेन, नसलो तर येईन.

तुझा चुडा


गावी, ता. २० फेब्रुवारी

चि. चुडामणास आशीर्वाद.

अक्षर डाव्या हाताचे आहे. वाचता आले नाही तर मास्तरांकडून वाचून घे. मला लाज नाही.

कपाशीचा झुबका पट्ट्याजवळ अडकला होता. तो काढायला गेले. पट्ट्याने बांगड्या धरल्या. शेजारी बसणाऱ्या रूपलीबाईने घंटेची दोरी ओढली तेव्हा माझा हात मनगटापर्यंत आत होता. इंजिन थांबले तेव्हा कोपराच्या वर. मनगट ते कोपर हा माझा हात नथ्थूने खाल्ला. मुकादम इंजिनघरात धावत गेला तेव्हा ते थांबले.

रूपली दोरी ओढत होती, मी ठोके मोजत होते. दुसरे काही करता येत नव्हते. बारा ठोके. तुझ्या मास्तरांना विचार, बारा ठोक्यांत किती पाव सेकंद बसतात.

सासरहून निरोप आला. एका हाताने भाकर थापता येत नाही, म्हणून परत येऊ नये. दिवाणजीच्या कागदात दोष बाईचा लिहिले आहे, तेही त्यांनी गावात वाचून घेतले आहे.

घंटेबद्दल याहून जास्त विचारू नको. घंटा वाजली. बस्स.

नथ्थू हंगाम संपायच्या आधीच जिन सोडून गेला. कुठे, कोणी सांगत नाही. डाव्या गालावर वाफेने भाजल्याचा पांढरा डाग आहे. तुला तो सापडावा. मला त्याचा हात हवा आहे.

धनु


तोरणमाळ, ता. १६ एप्रिल १९३७

अक्कास दंडवत.

बारा ठोके मास्तरांनी स्वतः शाळेच्या घंटेवर देऊन घड्याळ लावून पाहिले. कितीही घाईने ओढली तरी सहा सेकंद. म्हणजे चोवीस पाव सेकंद. चोवीस माणसे ओळीने उभी करून एकानंतर एकाने पट्टी धरली असती, तितका वेळ त्या एका माणसाने घेतला. आणि दिवाणजी लिहितो, माणसाच्या हाताला लागतो तेवढाच!

मी आता पट्टीचा खेळ काढला आहे. आठवड्याच्या बाजारात बसतो. ओरडतो, “पट्टी धर, गूळ घे!” सहा इंचांच्या आत धरली तर गुळाचा खडा. हरला तर त्याने माझ्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे. प्रश्न एकच, डाव्या गालावर पांढरा डाग असलेला इंजिनवाला पाहिला का? लोकांना वाटते हाही खेळातलाच प्रकार. कोणी म्हणतो असा माझा सासरा आहे. हसतात. मी वहीत लिहून घेतो. गावाचे नाव, माणूस, इंच.

इथे डोंगरावर कसा आलो ते विचारू नको. पावरा जमातीचा एक माणूस मला खाली बाजारात भेटला, खात्या नावाचा. तिरंदाज. पट्टी सव्वापाच इंचांवर धरली, तीही तिसऱ्यांदा नाही, पहिल्यांदा. गूळ घेतला, त्यातला अर्धा मला दिला आणि म्हणाला चल. मी चाललो. चढ असा आहे की बोलायला दम उरत नाही, म्हणून मी पहिल्यांदा आयुष्यात तीन तास गप्प होतो. वर तलाव आहे, गवत आहे, मोहाचा वास आहे. चार दिवस राहीन म्हटले, सोळा झाले.

पण काल सीताखाईच्या कड्यावर गेलो होतो. खात्याने दगड सोडला. मी मोजू लागलो, मास्तरांनी शिकवले तसे, सेकंदाला एक. चारला खालून आवाज आला. चार, अक्का. एवढ्या मोठ्या दरीला चार पुरले. तुझे सहा होते. मग मला तिथे बसवेना.

आजच खाली उतरतो. तळोद्याच्या लोहाराला एक काम सांगून ठेवले आहे. लोखंडी पट्टी, बारा इंच, लाकडी दिसेल अशी तिला पिवळी रंगवायची, इंचांच्या खुणा करायच्या. एका कडेला धार. वस्तऱ्यासारखी. नथ्थू सापडला की त्याला आधी लाकडी धरू देईन, गूळ देईन, वाहवा करीन. मग डोळे मिटून धर म्हणेन, दुप्पट गुळाची पैज. मी ‘धर’ म्हणेन आणि ती सोडीन. त्याने आपल्या हाताने ती घट्ट धरायची आहे. मी त्याला शिवणारसुद्धा नाही. दोष कोणाचा म्हणशील? ज्याने हात वेळीच काढून घेतला नाही त्याचा.

एक हरलेला गाडीवाला सांगून गेला की असा डाग असलेला माणूस खांडबाऱ्याच्या बाजारात दिसतो.

तुझा चुडा


गावी, ता. २ मे

चि. चुडास.

धार दोन्ही कडांना लाव.

आणि वाटेत कोणाचा ढोल वाजला तरी थांबू नको. मी तुला ओळखते. लहानपणी तुला विहिरीवर पाण्याला पाठवले की तू बेडूक घेऊन यायचास.

धनु


खांडबारा, ता. ११ जून १९३७

अक्कास दंडवत.

सापडला.

स्टेशनापासून अर्ध्या कोसावर त्याचे घर आहे. कुडाच्या भिंती, दोन शेळ्या, म्हातारी आई भिकुबाई. सध्या तो विहिरीचे पंप दुरुस्त करतो. मला ओळखत नाही, कारण त्याने मला कधी पाहिलेच नाही. मी नाव सांगितले उदेसिंग. पहिल्याच बाजारी तो माझ्या खेळापाशी उभा राहिला. अक्का, मला वाटले होते राक्षस असेल. बुटका आहे, आणि ओरडून बोलतो. सगळे इंजिनवाले ओरडूनच बोलतात म्हणा.

मी लाकडी पट्टी टांगली. सोडली. पावणेपाच इंच!

मला खोटे वाटले. पुन्हा. पाच. पुन्हा. पावणेपाच. माझ्या वहीत तीनशे अकरा माणसे आहेत. हा सगळ्यांत जलद. खात्यापेक्षा जलद. या जिल्ह्यात याच्यासारखा हात नाही. मास्तरांच्या हिशेबाने सेकंदाचा सहावा हिस्सासुद्धा लागत नाही त्याला.

रात्री झोप नाही आली, कारण मला तेव्हाच कळले. ज्याचा हात असा चालतो तो सहा सेकंद बसून राहतो, याला काय म्हणायचे? चूक म्हणता येत नाही. त्याने घंटा ऐकली आणि मुद्दाम बसून राहिला. अक्का, त्याने तुझा हात जाऊ दिला. का, ते तुला माहीत असेल तर लिही.

त्याच बाजारी लोखंडी पट्टी काढणार होतो, पण पाऊस आला आणि लोक पांगले. पुढे शेतांची गडबड, बाजार ओस. त्याने मला घरी ओढून नेले. म्हातारीने नागलीची भाकर आणि सुक्या बोंबिलाची चटणी पुढे केली. मी खात नव्हतो. ती म्हणते, “खाय ना रे पोऱ्या, लाजस कसाले?” काय करू, खाल्ले. आता त्याच्या ओसरीवरच असतो. शत्रूच्या घरात राहिलेले बरे, सगळे कळते. मी सुरतेच्या, तोरणमाळच्या गोष्टी सांगतो आणि तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघतो. डोळ्याची पापणी लववत नाही. “मंग काय व्हयनं भो, सांग ना!” असा ऐकणारा मला जन्मात मिळाला नव्हता. हे मी तुला सांगायला नको होते.

पोळ्यानंतर बाजार भरेल. तेव्हा.

पत्र स्टेशनाजवळच्या चहावाल्याकडे, उदेसिंग नावाने.

चुडा


गावी, ता. ३० जून

चुडा,

तू ‘मुद्दाम’ असे लिहिलेस. ते वाचून मी तीन दिवस बसून होते. आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेले नाही.

ती घंटा आम्ही बायका खोटी वाजवायचो.

कुणाचे मूल बाहेर झोळीत रडत असे, कुणाची छाती दुधाने भरून येई. मुकादम सुटी देत नसे. मग दोरी ओढायची. इंजिन थांबे, नथ्थू धावत येई, “काय व्हयनं, काय व्हयनं?” करीत, आणि तोवर लेकुरवाळ्या बाहेर पळून मुलांना पाजून घेत. सुरुवात मी केली. मला मूल नव्हते, पण सुरुवात मी केली. दिवसाला दोनदा, तीनदा. तो घामाघूम होऊन यायचा, आम्ही पदर तोंडात धरून हसायचो. त्याची चाल मी करून दाखवायचे. सगळ्या हसून लोळायच्या.

तिसऱ्या वर्षी त्याने येणे सोडले. घंटा वाजो की न वाजो, इंजिन चालूच. आम्हाला वाटले, शहाणा झाला. जिनाच्या शेठने सगळ्यांपुढे त्याला फेटा बांधला. म्हणाला, हा एकच माणूस बायकांच्या घंटेला भुलत नाही.

मग माझा हात गेला. म्हणजे तो बारा ठोके ऐकत बसला, आणि मनात म्हणाला, वाजव धने, आता वाजव.

हसण्याची किंमत हात? मला हसायचे नव्हते काय आयुष्यात? चुडा, आता मला त्याचा हातच पाहिजे असे नाही. पट्टी धरल्यावर तो ओरडेल तो आवाज तू नीट ऐक आणि मला लिहून पाठव.

धनु


खांडबारा, ता. १४ सप्टेंबर १९३७

अक्का,

जसे झाले तसे लिहितो. मधे कुठे भरकटलो तर पान उलट.

पोळ्यानंतरच्या बाजारी दुपारी खेळ मांडला. पन्नास-साठ माणसे गोल. नथ्थूने लाकडी पट्टी पाचावर धरली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग मी म्हटले, आता डोळे मिटून. मी ‘धर’ म्हणेन तेव्हा. इतर चौघांनी आधी करून दाखवले. मास्तर सांगतात कान डोळ्यापेक्षा किंचित जलदच असतो. तसेच निघाले, सगळे सहा-सात इंचांत.

नथ्थू मागे सरला. म्हणाला नको. मला वाटले याला वास आला. लोक ओरडले, “घाबरना का रे?” एकाने त्याची टोपी उडवली. तेव्हा तो पुढे आला. डोळे मिटले. अंगठा आणि बोट उघडे. मी पिवळी पट्टी काढली. दोन्ही कडांना धार होती, तू सांगितलेस तशी. वरचे टोक मी चिंधीत धरले होते. तिचे खालचे टोक त्याच्या बोटांमध्ये आले. अक्का, मी तुझे बारा ठोके मनात मोजले. बारावर ओरडलो, “धर!” आणि सोडली.

पट्टी त्याच्या बोटांमधून सरळ खाली गेली. कुठे शिवली नाही. पावसाने मऊ झालेल्या जमिनीत दोन इंच रुतली आणि उभी राहिली, थरथरत.

नथ्थूचे डोळे मिटलेलेच. बोटे तशीच उघडी. आणि तो काय म्हणाला सांगू?

“सोडी का रे भो? कव्हय सोडशी?”

मी मोठ्याने ओरडलो होतो. चार पावलांवर असलेली बकरी दचकली होती. त्याने ऐकले नाही. अक्का, तो ठार बहिरा आहे.

लोकांना वाटले गंमत केली. हसले. मला मात्र सगळे एकदम दिसले. माझ्या तोंडाकडे तो का बघायचा. ओठ वाचायचा तो. आणि मी समजलो माझ्या गोष्टी गोड!

त्याला ओढत घरी नेले. मी कोण ते तोंडासमोर तोंड नेऊन सांगितले. पट्टीची धार दाखवली. मग आपले बोट त्याने स्वतःच धारेवरून हळू ओढले, रक्त आले तसे धोतराला पुसले. म्हणाला, इंजिनाशेजारी बारा वर्षे काढली, कान आधी सांजचे गेले, मग सकाळचेही गेले. घंटा कानी पडायची कधी बंद झाली ते त्याला कळलेच नाही. त्याला वाटले बायका थकल्या, आता वाजवत नाहीत. मग शेठने फेटा बांधला. कशाबद्दल, ते त्याला दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या ओठांवरून कळले. तेव्हा कळले की घंटा वाजते आहे. मग सांगायचे कोणाला? फेटा उतरवून?

म्हणजे त्याने मुद्दाम केले नाही, पण दिवाणजीच्या कागदासाठी त्याने जे सांगितले ते खोटे होते, आणि त्याला ते खोटे आहे हे माहीत होते. तेही मी त्याच्याकडून वदवून घेतले.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मी लाकडी पट्टी काढली. डोळे मिट म्हटले आणि ‘धर’ म्हणण्याऐवजी दुसऱ्या हाताने त्याच्या दंडाला टोचले. पाच इंच. पुन्हा पाच. त्याचा हात गेलेला नाही. कातडीने ऐकतो.

भिकुबाई दारात उभी होती. तिने हात जोडले. तो म्हणाला, “कोनले सांगू नको भो. माले इंजिनबिगर दुसरं काई येत नही.” दिवाळीनंतर नंदुरबारच्या वाटेवर एक नवे जिन सुरू होते आहे, तिथे त्याला ठेवले आहे. घंटेला भुलत नाही, ही त्याची कीर्ती तिथवर गेली आहे.

मी वचन दिले अक्का. सांगणार नाही म्हणून. मी त्यांचे अन्न खाल्ले आहे. लोखंडी पट्टी विहिरीत टाकली. मोजले नाही किती वेळ लागला ते.

मला शिव्या दे. पण आता मी थोडे दिवस सुरतेकडे जातो.

चुडामण


गावी, ता. २९ सप्टेंबर

चुडामणास,

अन्न तू खाल्लेस. मी नाही. वचन तू दिलेस. मी नाही.

बहिरा आहे म्हणून मला दया आली असे समजू नको. मला जास्त राग आला. मुद्दाम केले असते तर त्याने निदान मला ओळखले असते. इथे माझा हात गेला आणि त्याला कळलेसुद्धा नाही. मी बारा ठोके मोजत होते, आणि तो शेंगा खात बसला असेल.

आणि आमच्यावरही राग आला. आम्ही खोटी घंटा वाजवत नसतो, तर तो येत नाही म्हटल्यावर पहिल्याच दिवशी कळले असते की याला ऐकू येत नाही. आमच्या हसण्याने त्याचे कान झाकले. ते त्याचे देणे मी फेडणार नाही. पण मला ते माहीत आहे, एवढे लिहून ठेवते.

दिवाळीनंतर तो पुन्हा वाफेवर बसणार. पट्ट्यासमोर पुन्हा बायका बसणार. त्या जिनाचा मुहूर्त कधी ते कळले आहे. रूपलीबाई तिथे कामाला लागते आहे. मी तिच्याबरोबर जाते.

धनु


नंदुरबारच्या वाटेवर, नव्या जिनातून, ता. २१ नोव्हेंबर १९३७

चि. चुडास आशीर्वाद.

तुझा सुरतेचा पत्ता चहावाल्याकडून मिळाला. वाच आणि पुन्हा वाच.

मुहूर्ताच्या दिवशी कपाशीच्या ढिगाला हार घातला होता, इंजिनाला कुंकू लावले होते, इथला शेठ बाहेरगावचे पाहुणे घेऊन उभा होता. ऐंशी बाया. नथ्थू इंजिनघरात पाठमोरा, नवा फेटा बांधून. वाफ सोडली, पट्टे फिरू लागले. मी आत गेले. मला कोणी अडवले नाही. एक हात नसलेल्या बाईला लोक वाट देतात.

मी दोरी धरली आणि घंटा वाजवली. मोजून बारा.

इथला मुकादम धावत आला. “काय व्हयनं?” मी म्हटले, काही नाही. तुमचा इंजिनवाला बघा. सगळ्यांनी पाहिले. पाठमोरा तो कोळसा सारखा करीत होता, मान हलली नाही. मुकादम हसला. “हाऊ घंटाले ऐकत नही, म्हनीसन त ठेवेल शे त्याले!”

मग मी इंजिनघरात गेले आणि त्याच्या कानाशी रिकामा कोळशाचा डबा भिंतीवर आपटला. पाहुण्यांच्या हातातला नारळ पडला. नथ्थू कोळसाच बघत होता. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्याने वर पाहिले. आधी माझा चेहरा पाहिला, मग पदराखालचा तुटका दंड. ओळखले त्याने. चुडा, त्याने ओळखले. तेवढ्यासाठी मी दहा महिने जगले.

बायांनाही समजले. रूपली उठली, तिच्यामागे सगळ्या उठल्या आणि अंगणात जाऊन बसल्या. शेठ म्हणाला, उद्या दुसरा इंजिनवाला आणतो, आज मुहूर्त मोडू नका. मीच म्हटले, दुसरा नको. हाच पाहिजे. याच्यासारखा जलद हात जिल्ह्यात नाही, माझ्या भावाने तीनशे अकरा माणसे मोजली आहेत. फक्त घंटा काढा. दोरीचे टोक याच्या दंडाला बांधा. बाया बसल्या जागेवरून ओरडल्या, “दोरी बांधा, मंग कपाशीले हात लावसूत!” मुहूर्त टळत होता. शेठने बांधायला सांगितले.

नथ्थूने स्वतःच बाही वर केली. गाठ मी मारली, दातांनी आणि डाव्या हाताने. घट्ट. वेसण घातल्यासारखा बसला आहे.

मुकादमाने विचारले, दोरीपाशी कोणाला बसवायचे? बाईमाणूस तिथे बसवले तर कपाशी कोण टाकणार? मी म्हटले, दोरी धरायला एक हात पुरतो. त्याच दिवसापासून मी इथे आहे. दिवाणजीचा तो कागद तू मला परत पाठव, त्यामागची कोरी बाजू मला लिहायला हवी आहे.

तू विचारशील, झाले का समाधान? पहिल्या दिवशी दुपारी मी एक ओढ दिली. पट्ट्यात कोणाचा पदर नव्हता, कोणाची बांगडी नव्हती. काहीच नव्हते. तो उठला कसा ते तू पाहायला हवे होतेस. डोळ्याचे पाते लवले नाही तोवर वाफ बंद. पट्टा माझ्यासमोर चार बोटे सरकला आणि थांबला. तुझ्या पट्टीवर पाच इंचसुद्धा भरले नसते. तो दारात आला, माझ्याकडे पाहिले. बाहेर झोळीत कुणाचे तरी मूल रडत होते, त्याची आई पळत गेली. मी हसले नाही. त्याने दंडावरची गाठ नीट केली आणि परत जाऊन वाफ सोडली.

रोज एक-दोन ओढी देते. कधी द्यायची ते ठरवलेले नाही. कोणती खरी आणि कोणती खोटी हे त्याला कधी कळणार नाही. त्याने दरवेळी उठायचे आहे.

हंगाम फाल्गुनापर्यंत आहे.

तुझी अक्का
धनु